पोहण्याचं पुस्तक सांगलीला नेलं त्याची हकीकत

वाचनालयाच्या वाढदिवसाला मी सांगलीच्या प्रवासावर दोन शब्द बोलावेत असं मास्तरांनी परस्पर ठरवलं होतं. मी उभा राहिलो आणि खाली बसलो. घसा बसला म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. म्हणून आता लिहून देतो. ज्यांनी सांगली बघितली नाही त्यांनी वाचावं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे. तिसरीनंतर मेंढरं आणि मेंढरांनंतर पलटण. अक्षर सुधारून घ्या, म्हणणं सुधारू नका.

आमचं गाव दहिवडीच्या पुढं, माण तालुक्यात. पाऊस नाही म्हणून माणसं नाहीत. निम्मी मुंबईला, निम्मी पलटणीत, आणि उरलेली त्यांच्या सुट्टीची वाट बघत. मी पेन्शन घेऊन आलो तेव्हा गावात वाचायला देवळातली एक पोथी होती, आणि तीही उंदरांनी निम्मी वाचून संपवलेली. मी पारावर जाहीर केलं, सुट्टीवर येणाऱ्यानं घरात काय आणायचं ते आणावं, पण गावासाठी एक पुस्तक आणायचं. जो आणणार नाही त्याच्याशी मी बोलणार नाही. दोघातिघांशी तीन-तीन वर्षं बोललो नाही. शेवटी आणली त्यांनी.

सुताराकडून दोन कपाटं करून घेतली. त्यांना खण पाडले. एकेका देणाऱ्याला एकेक खण. खणावर नाव लिहिलं नाही, कारण निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं आणि सगळ्या गावाला खण पाठ होते. माणूस यायचा आणि म्हणायचा, "आबा, रामाच्या खणातलं द्या." रामा गिरणीत, त्याला रहस्यकथा आवडायच्या. नामदेव डॉकयार्डात, तो यंत्राबिंत्राचं आणायचा. पुस्तकाची परीक्षा देणाऱ्यावरून व्हायची आणि ती फारशी चुकायची नाही. सगळ्या पुस्तकांना मी एकसारखं खाकी कव्हर घातलं. पलटणीची सवय.

दत्तू हा हौसाक्काचा एकुलता एक. तो पलटणीत पोहायला शिकला आणि पहिल्याच सुट्टीला पोहण्याचं पुस्तक घेऊन आला. पारावर हसून लोळले सगळे.

"कुठं पवायचं रं, दत्तू? म्हशीच्या डोणीत?"

"येईल की पाणी," तो म्हणाला. "पाणी आल्यावर शिकायला बसाल, तवर बुडून मराल. आधीच वाचून ठिवा."

दुष्काळाच्या आदल्या वर्षीच्या लढाईत तो गेला. गावात त्याची नुसती ट्रंक आली. त्याच्या खणात ते एकच पुस्तक, पहिल्या कपाटात वरून तिसरी ओळ, डावीकडून दुसरा खण. हौसाक्का दर अमावस्येला यायची. मागायची नाही, विचारायची नाही. सरळ हात घालायची, पुस्तक कपाळाला लावायची, पदराखाली धरून न्यायची. देव्हाऱ्याशेजारी ठेवून निवद दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी आणून त्याच खणात ठेवायची. तिनं ते कधी उघडलं नाही. उघडून तिला काय दिसणार होतं?

असं चाललेलं असताना कागद आला.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर आणि वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी कागद पारावर वाचला. जगातल्या देशोदेशीच्या ग्रंथालयांनी एकत्र बसून ठरवलं आहे की प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करायचं आणि त्यावर मजकूर सगळीकडे एकाच क्रमानं, एकाच खुणांनी लिहायचा. पुस्तकं विषयाच्या आकड्याप्रमाणं लावायची. लहान वाचनालयांनीही ते शिकून घ्यावं. त्यासाठी सांगलीला तीन दिवसांचं शिबिर. न केल्यास मान्यता राहणार नाही.

"आबा, आता खणबिण बंद," मास्तर म्हणाले.

"आन् देणाऱ्याचं नाव?"

"ते कार्डात नाही. मी नमुना बघितला."

मी तिथंच उठून उभा राहिलो. "मी सांगलीला जातो. देणाऱ्याचं नाव कार्डावर घालून घेऊनच येतो. न्हाई आणलं तर कपाटाला हात लावून दाखवा कुणी."

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, परदेशातल्या लोकांनी ठरवलंय ते. तुमच्यासाठी परत बसायचे व्हय?"

"बसतील," मी म्हणालो.

शिबिराला येताना आपल्या वाचनालयातलं एक पुस्तक आणावं असं कागदात होतं. मी दत्तूचं न्यायचं ठरवलं. ज्याच्यासाठी भांडायचं ते साहेबाच्या टेबलावर असावं. हौसाक्काच्या दारात जाऊन विचारलं.

"न्या की," ती म्हणाली. "पर आबा, आणल्यावर जितल्या तितं ठिवायचं."

"माझ्या हातनं कवा हललंय का?"

"न्हाई. म्हणून तर देतीया."

सातारा

एस.टी.चं सांगत नाही. सगळ्यांनी खाल्लेली आहे ती धूळ.

साताऱ्यात पलटणीतल्या जुन्या दोस्ताकडं उतरलो. त्याच्या सुनेनं गव्हाची चपाती आणि कांद्याची पात केली होती. चपाती मऊ होती, पण मला ती पाहुण्यासारखी वाटते, पोटात गेली तरी लगेच निघायच्या बेतात असते. दोस्त म्हणाला, इथल्या मोठ्या वाचनालयात तुझी ती कार्डं आधीच झालीत, बघून तरी जा, म्हणजे भांडताना कशाशी भांडतोस ते कळेल.

मी धोतर झटकून गेलो. आत पाटी, शांतता राखा. आमच्याकडं वाचनालय म्हणजे गावातली सगळ्यात गलक्याची जागा. इथं माणसं अशी बसलेली की कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखी. एका बाजूला लहान लहान ड्रॉवरांचं कपाट, किराणा दुकानात मसाल्याचं असतं तसं. टेबलाशी एक बाई होत्या. चष्मा, आवाज बारीक, पण वागायला चांगल्या.

"पोहण्याचं पुस्तक आहे का?" मी विचारलं.

त्यांनी एक ड्रॉवर ओढला, बोटानं कार्डं फडफडवली, आकडा चिठ्ठीवर लिहिला, आणि शिपायानं पुस्तक आणून माझ्यापुढं ठेवलं. मला तंबाखू मळायलाही याहून जास्त वेळ लागतो. माझ्याजवळ होतं तेच पुस्तक, पण नवं.

मी खोटं बोलणार नाही. मला आवडलं ते. मोठ्या लढाईच्या वेळी मी पलटणीच्या स्टोअरात होतो. तिथं बूट म्हणजे नंबर. आठ नंबर मागितला की कुठल्याही डेपोत, कुठल्याही भाषेच्या माणसानं आठ नंबरच काढून द्यायचा. ज्याचा पाय फाटलाय त्याला त्याची किंमत कळते. तसंच हे होतं.

"बाई, हे कुणी दिलंय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"पुस्तक. कुणी आणून दिलं हितं?"

"दिलं असेल कुणीतरी आजोबा. नाहीतर विकत घेतलं असेल."

"मग चांगलं हाय का न्हाई ते कसं कळायचं?"

त्या हसल्या. "वाचून बघायचं."

बरोबर उत्तर होतं. मला बरोबर उत्तरांचा लहानपणापासून राग येतो. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो. पिशवीतलं पुस्तक चाचपलं. आत आमच्या दत्तूचं पुस्तक होतं आणि त्या कपाटात नुसतं पोहण्याचं. दोन्ही एकच आहेत असं जगातल्या सगळ्या देशांनी ठरवलं होतं.

कराडच्या पुढं

कराड गेलं आणि माझ्या डोळ्यांना ओळख पटेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. पलूसच्या आसपास तर पाटाला इतकं पाणी की ते कडेनं सांडून रस्त्यावर आलेलं, आणि त्यातून गाडी गेली तरी कुणी मान वळवून बघेना. शेजारी एक तरणा शेतकरी होता.

"कुठलं गाव म्हणायचं, पाहुणं?"

"माण."

"मग बसा की खिडकीला, पाणी बघा," असं म्हणून तो सरकला. चेष्टेनं म्हणाला की मायेनं ते कळलं नाही. मी बसलो मात्र. पाणी बघून माणसाला गार वाटावं. मला राग आला. मग राग गेला आणि काहीच उरलं नाही. दुष्काळात आमच्या बाया खडी फोडत होत्या तेव्हाही हे पाणी इथं असंच वाहत असणार. दत्तू म्हणाला होता येईल की पाणी. ते आलेलंच होतं, दुसऱ्यांच्या गावात.

माधवनगर

सांगलीजवळ माधवनगरला आमच्या गावचा शिवा कापडाच्या गिरणीत आहे. त्याच्याकडं उतरलो. एक खोली, पुढं पडवी, सगळीकडं सुताचे बारीक तंतू उडालेले. शिवानं पाया पडून आत घेतलं. त्याची बायको मालन तिकडचीच, कृष्णाकाठची. बोलणं गोड, शेवटाला कानडी हेल.

सकाळी ती उठली आणि घागरीतलं कालचं पाणी तिनं रस्त्यावर ओतून दिलं. भरलेली घागर.

"हे काय केलंस, पोरी?"

"शिळं पाणी हो, आबा. नवं आलंय नळाला."

पाणी शिळं होतं हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडं आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं म्हशीला. मला भडंगाची, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांची, बशी दिली होती, ती तशीच राहिली. मालनला वाटलं भडंग तिखट झालं. शिवा तिला हळूच म्हणाला, "ते तिखटाचं न्हाई गं." तो माणचाच ना.

आणि त्याच सकाळी आणखी एक झालं. घरातून निघताना आमच्या मंडळींनी ठेच्याची बरणी दिली होती, वर चांगलं बोटभर तेल. तिचं झाकण गाडीत ढिलं झालं असावं. पिशवी उघडली तर भाकरीचं फडकं, पंचा आणि पुस्तक, तिन्ही तेलात. दत्तूच्या पुस्तकाच्या खाकी कव्हरावर तळहाताएवढा डाग.

मालननं ज्वारीचं पीठ चोळलं, उन्हात ठेवलं, पुन्हा चोळलं. शिवानं गिरणीतून नवा खाकी कागद आणला. जुना काढून मी नवं कव्हर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नव्या कागदावरही तोच डाग, त्याच जागी उमटलेला. तेल आत पुठ्ठ्यात गेलं होतं.

"ऱ्हाऊ द्या, आबा," शिवा म्हणाला. "वाचायला काय अडतंय का?"

"अडत न्हाई," मी म्हणालो.

सांगली

शिबिर एका शाळेत होतं. आम्ही बाकांवर. बाकीची सगळी पँटवाली, गुडघे बाकात मावणारी. माझे गुडघे मावले नाहीत म्हणून मला खुर्ची दिली आणि मी आपोआप पाहुण्यासारखा पुढं आलो.

शिकवायला वाटवेसाहेब. सडपातळ, गळ्याला मफलर, बोलताना खडू बोटांत फिरवायची सवय. हा माणूस स्वतः परदेशात त्या बैठकीला जाऊन आलेला. मी मनात कंबर कसूनच बसलो होतो की हा तोंड उघडील तिथं त्याला धरायचा. पण त्यांनी शिकवलं इतकं सरळ की धरायला जागा सापडेना. फळ्यावर एक कार्ड काढलं. आधी पुस्तकाचं नाव. मग तिरकी रेघ, तिच्यापुढं लिहिणाऱ्याचं नाव. मग आवृत्ती. मग छापलेलं गाव, दोन टिंबं, छापणारा, वर्ष. खाली पानं आणि पुस्तकाची उंची.

"या खुणा कशासाठी?" साहेब म्हणाले. "समजा रशियातलं कार्ड तुमच्या हातात आलं. तुम्हाला रशियन येत नाही. पण तिरक्या रेघेपुढं माणसाचं नाव असणार, दोन टिंबांपुढं छापणारा असणार, हे तुम्हाला कळेल. आणि मराठी न येणाऱ्या रशियनालाही तुमच्या कार्डावरचं कळेल. भाषा येत नसलेल्या माणसालासुद्धा कार्ड वाचता आलं पाहिजे. त्यासाठी हा सगळा खटाटोप."

मी हात वर केला. "साहेब, ज्याला अक्षरच येत न्हाई, त्याला?"

मागं पोरं हसली. साहेब हसले नाहीत. खडू बोटांत तसाच राहिला. "त्याचा विचार तिथं झाला नाही," ते म्हणाले. एवढंच. आणि पुढं शिकवू लागले.

दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपापल्या पुस्तकाचं कार्ड करायचं होतं. मी दत्तूचं पुस्तक काढलं, डाग खाली करून ठेवलं आणि पट्टीनं उंची मोजली. पानं मोजली. खुणा जिथल्या तिथं दिल्या. स्टोअरात वर्षं काढली आहेत, माझ्या हाताला असलं काम गोड लागतं. साहेब बाकांमधून फिरत आले, माझं कार्ड उचललं आणि सगळ्यांना दाखवलं.

"हे बघा. एक खूण चुकलेली नाही. आजोबांकडून शिका."

माझी छाती फुगली ते लपवत नाही. पँटवाले मान लांब करून बघत होते. कार्ड परत हातात आलं, मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. त्यात सगळं होतं. कुणी लिहिलं, कुणी छापलं, कुठं, कधी, किती पानं, किती उंच. दत्तू नव्हता. आणि त्याला बाहेर ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप त्याला बगल देऊन निघून गेला होता. आठ नंबरचा बूट दिला की काम संपलं.

दुपारच्या सुट्टीत साहेब शाळेबाहेरच्या टपरीवर चहाला थांबले होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. खण, रामा, नामदेव, दत्तू, हौसाक्का, सगळं सांगितलं. मागणं एकच, कार्डावर एक ओळ, देणाऱ्याच्या नावाची.

त्यांनी चहाचा कप माझ्यासाठीही सांगितला. "आबा," ते म्हणाले, गावची पोरं म्हणतात तसं, "मीही तिथं एक ओळच मागायला गेलो होतो."

"कसली?"

"आपली नावं. आपण माणसाचं नाव आधी लिहितो, मग वडलांचं, मग आडनाव. त्यांच्याकडं आडनाव पुढं. सगळ्यांना एका रांगेत बसवायचं तर आपल्या नावांना उलटं व्हावं लागतं. मी म्हणालो, आमची सुलटी राहू द्या. चार दिवस बसून होतो."

"मग?"

"ऐकून घेतलं. फार आदरानं ऐकून घेतलं. आभार मानले. चहा दिला." त्यांनी माझ्या कपाकडं बोट केलं. "असाच."

मला वाटत होतं की वर कुठंतरी एक टेबल आहे आणि तिथं पोचलं की भांडता येतं. त्या टेबलापर्यंत पोचलेला माणूस माझ्यापुढं मफलर गुंडाळून बसला होता आणि त्याचंही कुणी ऐकलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "पण तुमची ओळ मी देऊ शकतो. कार्डाच्या अगदी तळाला टीपेची जागा असते. तिथं काहीही लिहिता येतं. लिहा, अमुक यांनी दिले. नियमात बसतं."

"खरं?"

"खरं. मी लिहून देतो हवं तर."

मी खिशातलं कार्ड काढलं आणि तिथंच टपरीच्या फळीवर तळाला लिहिलं, दत्तात्रय, हौसाबाईंचा मुलगा, याने गावासाठी आणले. साहेबांनी वाचलं आणि मान हलवली. मी जिंकलो होतो. मला पार दिसायला लागला, मास्तरांचं तोंड दिसायला लागलं.

मग मी दुसरं विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"साहेब, कार्ड तुमचं, पर जागा आमची ठिवली तर? खण तेच?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कार्डावरचा आकडा जागा दाखवतो, आबा. पुस्तक तिथं नसेल तर कार्ड खोटं ठरलं. तुम्ही स्टोअरात होतात ना? तुम्हीच सांगा."

ते खरं होतं आणि मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं.

परत

परतीच्या गाडीत पलूसला कुणीतरी खिडकी देऊ केली. मी नको म्हणालो.

गावात उतरलो तर पारावर मंडळी वाट बघतच होती. मी कार्ड मास्तरांच्या हातात दिलं आणि तळाची ओळ मोठ्यानं वाचायला लावली. पार खूष झाला. "आबानं परदेशाला वाकवलं," असं म्हणून एकानं माझी पाठ थोपटली. मी पाठ थोपटून घेतली. नाव आणल्याशिवाय कपाटाला हात लावू देणार नाही असं मीच बोललो होतो, आता नाव आणलं म्हणून लावू द्यावा लागला. दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही, मीच लावला. घरातल्यांना वाटलं की मला कामाचा उत्साह आलाय.

सगळ्या पुस्तकांची कार्डं केली. प्रत्येकाच्या तळाला देणाऱ्याचं नाव. आकडे चिकटवले आणि आकड्यांप्रमाणं पुस्तकं लावली. रामाची पुस्तकं चार जागी गेली. नामदेवाचं एक वर, एक तळाला. पोहणं खेळांमध्ये येतं, खेळ शेवटाकडं, म्हणून दत्तूचं दुसऱ्या कपाटात तळाच्या ओळीला गेलं. त्याच्या खणात आलं सहकारी सोसायट्यांच्या कायद्याचं पुस्तक. तसंच जाड. तसंच खाकी.

हौसाक्काला सांगायला मी अमावस्येच्या आधी दोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. एकदा ती दळत होती. एकदा मोकळी बसली होती, तरी मी तसाच आलो.

अमावस्येला ती आली. नेहमीसारखी, बोलल्याशिवाय. वरून तिसरी ओळ, डावीकडून दुसरा खण. हात घातला, पुस्तक काढलं, कपाळाला लावलं.

मी उठलो. "हौसाक्का, ते न्हवं. ते कायद्याचं हाय."

ती वळली. "काय म्हणता, आबा?"

मी दुसऱ्या कपाटाशी खाली बसलो, पोहण्याचं पुस्तक काढलं, तिच्यापुढं धरलं. "हे दत्तूचं. जागा बदललीया. सगळ्यांचीच बदललीया."

तिनं हातात घेतलं नाही. नुसतं बघितलं. बोट त्या डागावर ठेवलं. "माज्या दत्तूच्या पुस्तकाला डाग न्हवता."

"डाग माझ्याच्यानं पडला. सांगलीला. ठेचा सांडला पिशवीत."

तिला हसू आलं. "तुमच्याच्यानं? आवं, इतक्या वर्सांत तुमच्या हातनं पुस्तकाचा कोपरा कवा मुडपला न्हाई."

मी ड्रॉवरातून कार्ड काढलं. बोटानं दाखवत वाचलं. नाव, तिरकी रेघ, गाव, दोन टिंबं, पानं, उंची. आणि तळाला, दत्तात्रय, हौसाबाईंचा मुलगा, याने गावासाठी आणले. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मान खाली घालून, पोथी ऐकावी तसं.

"लय चांगलं लिवलंसा," ती म्हणाली. "पर आबा, तुमी वाचाल ते मला काय कळतंय? हात मला कळतोय. हितनंच मी नेत आलीया. हितलंच हाय ते."

"अगं, सगळ्यांवर खाकीच कव्हर हाय. तुला कशावरनं..."

"तुमीच तर म्हणाला हुतासा, जितल्या तितं ठिवतो म्हणून. ठिवलंसा की. आता का घोळ घालता?"

पुस्तक उघडून दाखवावं तर आत तिला अक्षरंच दिसणार. मास्तरांना बोलवावं तर मास्तरही वाचूनच दाखवणार. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ज्या खुणा ठरवल्या त्या माझ्या हातात होत्या, एकही चुकलेली नव्हती, आणि त्यातली एकसुद्धा त्या बाईला पटवायला उपयोगी पडत नव्हती. तिला ओळखता येणारी एकच खूण होती, ती मी माझ्या हातानं हलवली होती. दुसरी, तो डाग, तिच्या बाजूनं साक्ष देत होता.

तिनं कायद्याचं पुस्तक पदराखाली घेतलं आणि पायरी उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी आणून तिनं ते खणात ठेवलं. कव्हरावर हळदकुंकू होतं. त्यानंतरच्या सगळ्या अमावस्यांना तेच. सोसायटीचा सेक्रेटरी दोनदा ते पुस्तक मागायला आला. मी दिलं नाही. तो म्हणाला, कार्डात आहे, कपाटात दिसतंय, मग देत का नाही? मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

तपासणीला सरकारी साहेब आले होते. त्यांनी पाचसहा कार्डं काढून पुस्तकं मागितली, सगळी जागेवर सापडली. त्यांत पोहण्याचंही होतं. त्यांनी शेरा चांगला दिला, फक्त म्हणाले, या एका पुस्तकाला तेल लागलंय, कव्हर बदला.

बदललं. तिसऱ्या दिवशी डाग परत उमटला.